वेडी बाभूळ : उपद्रव आणि उपयोग

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातून प्रवास करणाऱ्यास एक झुडूप सतत सोबत करीत असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना, कालव्याच्या भरावावर, ओढ्यानाल्यांच्या पात्रात, गावाच्या गायरानात आणि पडक्या विहिरींच्या काठांवर ते दाटीवाटीने उभे असते. वैशाखात आजूबाजूचे सारे रान करपून गेले तरी त्याची पालवी हिरवीगार दिसते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात त्याला ‘वेडी बाभूळ’ म्हणतात. कोठे कोठे ‘विलायती बाभूळ’ किंवा ‘चिलार’ अशीही नावे ऐकू येतात.

या झुडपाविषयी गावागावांत दोन परस्परविरुद्ध मते आढळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एक संकट आहे. त्याने बांध गिळला, वाट अडविली, नाल्याचे पात्र बुजविले, अशी त्याची तक्रार असते. उलट ज्या कुटुंबाला शेत नाही, झाडझाडोरा नाही, त्या कुटुंबाची चूल वर्षानुवर्षे याच झुडपाच्या फांद्यांवर पेटत आली आहे. मेंढपाळाला उन्हाळ्यात त्याच्या शेंगांचा आधार असतो. ही दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत. म्हणूनच या झुडपाबाबत एखादा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्याचा स्वभाव, गुण आणि दोष नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळख

वेडी बाभूळ नावाने बाभूळ असली तरी आपल्या देशी बाभळीची ती सख्खी बहीण नव्हे. दोन्ही वनस्पती शिंबावंत कुळातील, परंतु त्यांच्या प्रजाती निरनिराळ्या आहेत. शास्त्रीय ग्रंथांत वेडी बाभूळ दीर्घकाळ ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ या नावाने ओळखली गेली. २०२२ मध्ये झालेल्या पुनर्वर्गीकरणानंतर अमेरिका खंडातील या जाती ‘नेल्टुमा’ या प्रजातीत घालण्यात आल्या. तथापि सरकारी कागदपत्रांत आणि शेतीविषयक लेखनात जुने नावच अद्याप रूढ आहे.

दोन्हींतील फरक शाळकरी मुलासही सहज दाखविता येतो. देशी बाभळीची फुले पिवळ्याधमक, वाटोळ्या गोंड्यांसारखी असतात, तर वेडीची फुले फिकट पिवळसर रंगाच्या लोंबत्या तुऱ्यांत येतात. देशी बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी जागोजाग आवळलेली असते. वेडीची शेंग मात्र सरळ किंवा किंचित वाकलेली, मांसल आणि पिकल्यावर गवती पिवळ्या रंगाची होते. ती झाडावर फुटत नाही, अखंडच खाली पडते. वेडीच्या डहाळ्या पेराशी किंचित वाकून नागमोडी जातात आणि पेराशी सरळ, टणक काटे असतात. जमीन चांगली असेल तर तिचा वृक्ष होतो. परंतु माळरानावर, वारंवार तोड होत असलेल्या जागी, ती बुंध्यापासून अनेक फांद्या फुटलेल्या झुडपाच्या रूपातच आढळते.

मूळ देश व भारतातील प्रवेश

या वनस्पतीचे माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे होय. भारतात ती आपोआप आलेली नाही. तत्कालीन मद्रास इलाख्यातील वनाधिकारी लेफ्टनंट कर्नल बेडम यांनी रुक्ष प्रदेशात सरपणाची सोय व्हावी या हेतूने जमैका बेटातून बियाणे मागविले आणि १८७७ च्या सुमारास आजच्या आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात त्याची लागवड झाली. त्याच सुमारास सिंध प्रांतातही ही वनस्पती पोहोचली. पुढे १९१३ मध्ये मारवाडात तिची लागवड झाली आणि १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही झाड’ म्हणून मान देऊन प्रजेने तिचे रक्षण करावे असे आवाहन केले. गुजरातेत कच्छच्या मोठ्या रणाकडून पसरणारी क्षारता थोपविण्यासाठी १९६०-६१ च्या सुमारास बन्नीच्या गवताळ प्रदेशाच्या कडेने वन विभागाने तिची लागवड केली.

तेलुगू भाषेत या झुडपाला ‘सरकार तुम्मा’, म्हणजे सरकारी बाभूळ, असे म्हणतात. गुजरातीत त्याचे नाव ‘गांडो बावळ’, म्हणजेच वेडा बाभूळ. एका नावात ते कोणी आणले याची नोंद आहे, तर दुसऱ्या नावात पुढे काय झाले याची. ज्यांनी ते आणले त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाळू रोखणे, जळण मिळवणे आणि उजाड जमीन झाकणे ही त्या काळची खरी गरज होती. मात्र ज्या प्राण्यांनी व कीटकांनी मूळ देशी या वनस्पतीला आवर घातलेला होता, ते तिच्यासोबत आले नाहीत. त्यामुळे ती पसरू लागली तेव्हा तिला अडविणारे येथे कोणी नव्हते.

काटकपणाचे रहस्य

वेड्या बाभळीच्या यशाची कारणे तिच्या रचनेत आहेत. पहिले कारण तिचे मूळ. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात एका खाणीच्या खोदकामात या वर्गातील झुडपाची मुळे ५३ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे. सोटमूळ खोल जाते आणि उथळ मुळे आजूबाजूला दूरवर पसरतात. त्यामुळे वरचा ओलावा आणि खालचे पाणी या दोन्हींचा लाभ तिला मिळतो. दुसरे कारण असे की, इतर शिंबावंत वनस्पतींप्रमाणे तिच्याही मुळांवर हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. साहजिकच नत्राविना हलक्या झालेल्या जमिनीत ती तग धरते. खारवट आणि चोपण जमीनही तिला चालते.

तिसरे कारण पाल्याचे. तिच्या पानांना जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. इतर सर्व झाडांचे कोंब शेळ्यांनी खुडले तरी हिचा कोंब वाढत राहतो. अतिचराई झालेल्या गायरानात शेवटी वेडी बाभूळच उरते, त्याचे कारण हेच होय. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण तिच्या शेंगेत आहे. पाला न खाणारी जनावरे शेंगा मात्र आवडीने खातात. शेंगेतील गोड गर पचतो, पण बीज कठीण कवचामुळे पुष्कळदा न पचताच शेणातून व लेंड्यांतून बाहेर पडते. पोटातील उष्णता व पाचक रस यांमुळे कवच मऊ पडून अंकुर फुटणे सोपे होते आणि खतही आयतेच मिळते. एका गावच्या शिवारात चरलेली जनावरे दुसऱ्या गावच्या शिवारात अशा रीतीने बी पेरून येतात. ओढ्याच्या पुराबरोबरही शेंगा वाहत जातात. म्हणून ओढ्याकाठच्या जमिनीत तिची दाटी अधिक असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जमिनीलगत तोडल्याने हे झुडूप मरत नाही. बुंध्याच्या जमिनीखालील भागात सुप्त डोळे असतात. वरचा भाग तोडताच ते फुटतात आणि एका खोडाच्या जागी अनेक फांद्या उभ्या राहतात. केवळ तोड करून मोकळ्या केलेल्या जमिनीवर एकदोन पावसाळ्यांत पूर्वीपेक्षा दाट झाडी का दिसते, याचा उलगडा यावरून होतो.

शेंग : अन्न आणि चारा

या झुडपाचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे त्याची शेंग. मूळ देशांत ती शेकडो वर्षे माणसाचे अन्न होती. अमेरिकेच्या वाळवंटातील आदिवासी जमाती या वर्गातील झुडपांच्या पिकलेल्या शेंगा वाळवून उखळात कुटीत, त्यांच्या पिठाच्या वड्या करून साठवीत आणि पाण्यात कालवून गोड पेय बनवीत. पेरू देशात याच वर्गातील वृक्षाच्या शेंगांपासून ‘अल्गारोबिना’ नावाचा काकवीसारखा पाक आजही बनविला जातो. अर्जेंटिनात या शेंगांच्या पिठापासून ‘पाताय’ नावाची भाकरीसारखी वडी करतात. गव्हात असतो तो चिकट प्रथिनांश या पिठात नसल्याने त्याची पोळी एकटीच लाटता येत नाही. ते अन्य पिठात मिसळावे लागते.

शेंगेच्या गरात साखरेचे प्रमाण चांगले असते आणि बियांत प्रथिने विपुल असतात. परंतु बीज कठीण कवचात बंद असल्याने अख्खी शेंग खाणाऱ्याला प्रथिनांचा लाभ फारसा होत नाही. शेंग बियांसह भरडली तरच तिचे पूर्ण पोषण मिळते. बियांतील गाभ्यापासून गवारीच्या डिंकासारखा घट्टपणा आणणारा पदार्थही मिळतो. जोधपूर येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘काझरी’ने, या शेंगांपासून पशुखाद्य, बिस्किटे, सरबत आणि भाजलेल्या भुकटीचे कॉफीसारखे पेय तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्या. या पेयाला ‘ज्युली कॉफी’ असे नाव देण्यात आले. कॉफीच्या बियांत असणारा उत्तेजक अंश त्यात नसतो.

आपल्याकडे माणसाच्या अन्नापेक्षा जनावरांच्या खाद्यात या शेंगांचा उपयोग अधिक व्यवहार्य आहे. उन्हाळ्यात, जेव्हा कडबा महाग होतो आणि माळावर गवताची काडी उरत नाही, नेमक्या त्याच वेळी तिच्या शेंगा पिकून खाली पडतात. त्या गोळा करणे हे बिनभांडवली काम आहे. पण ते योग्य रीतीने व्हावयास हवे. शेंगा पिकून पिवळ्या झाल्यावरच गोळा कराव्यात. मातीवर पडून पावसाने भिजलेल्या आणि बुरशी आलेल्या शेंगा घेऊ नयेत. गोळा केलेल्या शेंगा कडक उन्हात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवाव्यात. गरातील साखर हवेतील ओल शोषून घेते आणि चिकट होते. त्यामुळे अर्धवट वाळलेल्या शेंगा गिरणीत अडकतात. भरड दुपारच्या कोरड्या वेळी करणे यासाठीच इष्ट असते. साठवणीत भुंगेरे बी पोखरतात, म्हणून अख्ख्या शेंगांची साठवण फार काळ लांबवू नये.

भरडण्याचा दुसरा मोठा लाभ असा की, भरडलेले बी पुन्हा उगवत नाही. जी शेंग जनावराच्या पोटातून जाऊन नवे रान माजविणार होती, तीच चक्कीतून गेल्यावर खुराक बनते. उपयोग आणि नियंत्रण या दोन गोष्टी एकाच कृतीने साधण्याचा हा मार्ग आहे.

शेंगांतील धोका

गोड शेंग पोटभर खाऊ घालण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. या वनस्पतीत काही विषारी अल्कद्रव्ये असतात. जनावरांना दीर्घकाळ केवळ शेंगांवरच ठेवले, तर जबडा आणि जीभ हलविणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. जनावराचे तोंड वाकडे होते, लाळ गळते, चारा चघळता येत नाही आणि ते खंगत जाते. ब्राझीलमध्ये या विकाराला ‘वाकडे तोंड’ अशा अर्थाचे नाव आहे. केनियाच्या बारिंगो भागात शेळ्यांचे दात किडून पडू लागले, तेव्हा या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील पशुपालकांनी सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि दात गेलेली एक शेळीच न्यायालयात नेऊन उभी केली. सरपणासाठी हे झुडूप तेथे सरकारी प्रयत्नांतूनच लावले गेले होते.

यास्तव शेंगांची भरड हा मुख्य आहार न मानता खुराकाचा एक भाग मानावा. आरंभ थोड्या प्रमाणात करावा, एकंदर खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापुढे ती नेऊ नये आणि सोबत कडबा किंवा गवत अवश्य द्यावे. जनावर चघळताना अडखळू लागले तर शेंगा तत्काळ बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

लाकूड, कोळसा, मध आणि डिंक

वेड्या बाभळीचे लाकूड जड व टणक असते. ते संथपणे जळते आणि चांगली धग देते. ओले लाकूडही बऱ्यापैकी पेटते. ग्रामीण भागात स्वयंपाकाचा गॅस पोहोचला असला, तरी पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी चूल अनेक घरांत अद्याप पेटते आणि त्या चुलीचे जळण पुष्कळदा हेच असते. सुगीनंतर शेताच्या कुंपणाला याच काटेरी फांद्यांच्या फास लावतात. चांगले वाढलेले खोड असल्यास त्यापासून अवजारांचे दांडे, खुंट आणि फळ्याही होतात. मूळ देशांत तर या वर्गातील लाकडापासून घरातील लाकडी सामान व जमिनीच्या फरश्या तयार केल्या जातात. आपल्याकडे मात्र वारंवार तोडीमुळे खोड सरळ वाढतच नाही. निवडक झुडपांच्या बाजूच्या फांद्या छाटून एकच खोड वाढू दिले, तर पुढे लाकूड मिळू शकते.

या लाकडाचा कोळसा उत्तम प्रतीचा होतो. मातीच्या पारंपरिक भट्टीत सुमारे चार ते पाच किलो लाकडामागे एक किलो कोळसा मिळतो. या व्यवसायाची एक दुःखद बाजूही प्रशासनाने नजरेआड करू नये. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच उचल घेऊन घाटमाथ्यावरील आणि परजिल्ह्यांतील कोळसा भट्ट्यांवर जातात. काट्यांत लाकूडतोड, धुराजवळ रात्रंदिवस राखण आणि मुलांची बुडालेली शाळा असे हे जीवन असते. हंगाम संपताना हिशेब झाला की उचल फिटलेली नसते, आणि पुढील वर्षीही त्याच मालकाकडे जावे लागते. अशी मजुरी १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. गावच्या हद्दीत भट्टी लागते तेव्हा तेथील मजूर कोण, त्यांना मजुरी कशी मिळते, त्यांची मुले कोठे शिकतात, ही चौकशी ग्रामसेवक, तलाठी आणि शिक्षक सहज करू शकतात. गायरानातील लाकडाच्या लिलावातून मिळणाऱ्या रकमेइतकेच या चौकशीला महत्त्व आहे.

फुलोऱ्याच्या काळात या झुडपावर मधमाश्यांची वर्दळ असते. कच्छमध्ये याच फुलांवर पोसलेल्या लहान माश्यांच्या पोळ्यांतून मध गोळा करणे हा अनेक कुटुंबांचा पूरक उद्योग आहे. खोडातून पाझरणारा डिंकही तेथे गोळा करून विकला जातो.

बन्नीचा धडा

कच्छमधील बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. मालधारी पशुपालकांच्या अनेक पिढ्या त्यावर जगल्या. तेथील बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. क्षारता रोखण्यासाठी कडेला लावलेली वेडी बाभूळ काही दशकांत या गवताळ प्रदेशाच्या फार मोठ्या हिश्श्यावर पसरली. गवत हटले. शेंगा खाऊन कांकरेज गाई आजारी पडू लागल्या. म्हशींना तो त्रास तितका होत नसल्याने पशुपालकांनी हळूहळू गाई कमी करून म्हशी वाढविल्या. एका झुडपामुळे संपूर्ण समाजाच्या पशुधनाची रचना बदलली.

दुसरीकडे, २००४ मध्ये तेथे या झुडपापासून कोळसा करण्यास परवानगी मिळाली तेव्हा गरीब कुटुंबांच्या हाती रोख पैसा आला. परंतु व्यापाऱ्यांच्या घाईत मुळासह उपटण्याऐवजी वरवर तोड झाली. तसेच वेडीबरोबर देशी झाडेही भट्टीत जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या आणि काही वर्षांतच ती परवानगी मागे घेण्यात आली. तामिळनाडूतही मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१७ मध्ये हे झुडूप काढून टाकण्याविषयी आदेश दिले. पुढे त्याच वर्षी त्यास स्थगिती मिळाली आणि प्रश्नाच्या शास्त्रीय तपासणीवर भर देण्यात आला. सरसकट तोड आणि सरसकट अभय हे दोन्ही उपाय अपुरे असल्याचे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

या संदर्भात एका गैरसमजाचा उल्लेख करावा लागेल. वेडी बाभूळ हवेतील बाष्प शोषून घेते व पाऊस अडविते, असे अनेक ठिकाणी बोलले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही. तिची मुळे जमिनीतील ओल घेतात, तिच्या दाट सावलीत आणि पानांतील द्रव्यांमुळे गवत नीट वाढत नाही, हे दोष मात्र खरे आहेत. खऱ्या दोषांवर उपाय करण्यासाठी काल्पनिक दोषांची भर घालण्याचे कारण नाही.

घरची शमी, बाहेरची वेडी

वेड्या बाभळीची एक नातेवाईक आपल्या देशातच पूर्वापार नांदत आहे. ती म्हणजे शमी. पांडवांनी अज्ञातवासात जाताना ज्या वृक्षावर शस्त्रे लपविली तो हाच, असे महाभारतात सांगितले आहे, आणि विजयादशमीस शमीपूजनाची प्रथा महाराष्ट्रात पाळली जाते. राजस्थानात तिला ‘खेजडी’ म्हणतात. तिच्या कोवळ्या शेंगा, म्हणजेच ‘सांगरी’, वाळवून वर्षभर भाजीसाठी ठेवतात. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावी या वृक्षांच्या रक्षणासाठी अमृतादेवी आणि अन्य बिश्नोई स्त्रीपुरुष अशा ३६३ जणांनी प्राण दिले. १९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्ष म्हणून घोषित केले.

शमीचा पाला जनावरे खातात, तिच्याखाली बाजरीचे पीक चांगले येते आणि ती शेतात घुसखोरी करीत नाही. मात्र ती अत्यंत सावकाश वाढते. ‘लवकर वाढणारे झाड हवे’ या एकाच कसोटीवर निवड झाल्याने विदेशी झुडूप पुढे गेले आणि घरची शमी मागे पडली. पडीक जमिनीवर लागवडीची योजना आखताना वाढीच्या वेगाबरोबरच झाड पुढे आवरता येईल काय, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

ग्रामपंचायतीसाठी दिशा

वेड्या बाभळीचे समूळ उच्चाटन करणे आता जवळजवळ अशक्य आहे. तिला मर्यादेत ठेवणे व मर्यादेत असलेल्या झाडीचा उपयोग करून घेणे हेच व्यवहार्य धोरण ठरते. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे शिवारफेरी. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन झालेल्या स्थानिक व्यवस्थापन समितीने गायरान, ओढे, तलाव आणि रस्ते यांची पाहणी करून झाडी कोठे तुरळक आहे, कोठे दाट आहे, तिच्यावर कोणती कुटुंबे जळणासाठी अवलंबून आहेत, याची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करावी.

या नोंदीवरून शिवाराचे तीन भाग पाडता येतील. जेथे झाडी नुकतीच शिरली आहे, तेथे ती प्रथम काढावी. पावसाळ्यानंतर जमीन ओली असताना लहान रोपे मुळासह हाताने किंवा टिकावाने सहज निघतात आणि त्याचा खर्चही अत्यल्प असतो. नाल्यांची पात्रे, पाझर तलावांचे भराव आणि चांगले गवत देणारी कुरणे येथील मोठी झुडपे बुंध्याभोवती खणून, डोळ्यांचा जमिनीखालील भाग निघेल अशा रीतीने काढावीत. भरावावर खणताना मात्र लघुपाटबंधारे विभागाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. तिसऱ्या भागात, म्हणजे जेथे दुसरे काही उगवत नाही अशा खारवट वा खडकाळ जागी, झाडी राखून तिची आळीपाळीने छाटणी करावी आणि जळण भूमिहीन कुटुंबांना मिळेल अशी व्यवस्था ठेवावी. तोड आणि वाहतूक यांसंबंधीचे नियम तहसील व वन कार्यालयाकडून आधी समजून घ्यावेत.

मोकळी झालेली जमीन उघडी टाकणे म्हणजे वेडीला पुन्हा आमंत्रण देणे होय. त्या जागी पहिल्याच पावसात पवना, मारवेल, डोंगरी यांसारख्या गवतांचे बी पेरावे. शमी, हिवर, बोर, कडुनिंब अशी देशी झाडे लावावीत आणि निदान दोनतीन वर्षे चराईबंदी पाळावी. पहिल्या दोन पावसाळ्यांत उगवलेली नवी रोपे वेचून काढण्यासाठी मजुरीची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करावी. बहुतेक मोहिमा फसतात त्या तोडणीच्या दिवशी नव्हे, तर या नंतरच्या दोन वर्षांतील दुर्लक्षामुळे.

शेंगांच्या हंगामात महिला बचत गटामार्फत त्या विकत घेऊन गावच्या गिरणीत भरडण्याचा प्रयोग एखाद्या गावाने करून पाहण्यासारखा आहे. जी शेंग वेचली जाईल ती पसरणार नाही, वेचणाऱ्या हाताला मजुरी मिळेल आणि पशुपालकास टंचाईच्या दिवसांत खुराक मिळेल. माणसांच्या खाण्यासाठी काही पदार्थ बनवून विकावयाचे झाल्यास मात्र अन्नसुरक्षेचे नियम पाळून आणि काझरीसारख्या संस्थेचे किंवा कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन घेऊनच तो उद्योग करावा.

शाळांचा सहभाग

शिक्षकांना या झुडपात पर्यावरणाचा एक जिवंत पाठ सापडेल. देशी बाभूळ, वेडी बाभूळ आणि शमी यांच्या डहाळ्या शेजारी शेजारी ठेवून मुलांनी काटे, फुले व शेंगा यांतील फरक वहीत काढावेत. काही बिया तशाच आणि काही बिया गरम पाण्यात भिजवून कुंड्यांत पेराव्यात व कोणत्या आधी उगवतात ते पाहावे. कठीण कवचाचे महत्त्व आणि शेळीच्या पोटाचे कार्य मुलांना पुस्तकाविना कळेल. प्रयोग संपल्यावर रोपे उपटून टाकण्यास मात्र विसरू नये. गावातील वृद्धांना विचारून ‘आपल्या गायरानात पूर्वी कोणती गवते होती?’ याची यादी मुलांनी केली, तर ग्रामपंचायतीच्या पुढील लागवडीलाही तिचा उपयोग होईल.

वेडी बाभूळ तिच्या जागी शहाणीच आहे. मिळेल त्या जमिनीत रुजावे, मिळेल त्या पाण्यावर जगावे आणि वंश वाढवावा हा तिचा धर्म ती पाळते. तिला येथे आणणाऱ्यांनी तिच्या गुणांचा विचार केला, पण तिच्या स्वभावाचा केला नाही. आज तिच्याविरुद्ध ठराव करणाऱ्यांनी तिच्या दोषांबरोबरच तिच्या आधाराने पेटणाऱ्या चुलींचाही विचार केला पाहिजे. गायरान मोकळे झाले, त्यावर गवत आले आणि गावातील सर्वांत गरीब घराचे सरपणही तुटले नाही, तरच ती मोहीम यशस्वी झाली असे म्हणता येईल.